नाव तेच, फाइल तीच का?

हिऱ्याच्या गर्डलवर, म्हणजे कडेच्या पट्ट्यावर, लेझरने कोरलेला क्रमांक तेवढा पाहून सौदा करणारा दलाल सुरतेच्या हिरेबाजारात फार काळ टिकत नाही. खाणीतल्या हिऱ्याचा क्रमांक प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणे तपासणी संस्थांनी नोंदवली आहेत. म्हणून हिरा पुन्हा यंत्राखाली जातो. त्याच शहरात, उधन्यापासून कतारगामपर्यंत, कॉम्प्युटरवर ‘सेटअप’ एवढे नाव दिसले की क्लिक करून माणसे मोकळी होतात.

फाइलीचे नाव कुणीही बदलतो. हॅश हा तिचा गणिती ठसा मात्र आतल्या मजकुरातूनच निघतो; एक बिट हलला तरी एसएचए-२५६ या पद्धतीच्या हॅशची ६४ अक्षरे ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात. अमेरिकेची एनआयएसटी ही मानक संस्था माहितीतल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे हॅश वर्षानुवर्षे जमवते आहे. जप्त केलेल्या डिस्कवरचा विंडोजचा नेहमीचा पसारा त्या यादीवरून बाजूला काढता येतो, आणि तपासनिसाला उरलेल्यावर लक्ष देता येते. पण यादीत असलेली फाइल निर्दोषच असते असे नाही; हॅकिंगची अवजारेही त्या यादीत आहेत. परवाना तोडलेली प्रत यादीशी जुळत नाही, तशी कालच आलेली अधिकृत आवृत्तीही जुळत नाही. हिऱ्यांच्या आखणीच्या सॉफ्टवेअरच्या नकलांवरून जिथे खटले झाले, त्या शहराला हा फरक कळायला हवा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना घातला, हे उत्तमच. पण त्या नमुन्यात एसएचए-२५६च्या पंगतीला एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या हॅश-पद्धतीही बसवल्या आहेत. एकच एमडी५ देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्येच तयार झाल्या; एसएचए-१ची तीच गत २०१७ मध्ये झाली. दुसऱ्याच्या तयार फाइलीला असा जुळा अजून कुणी बनवून दाखवलेला नाही, हे खरे. पण दोन्ही फाइली स्वतःच रचणाऱ्याला तो बनवता येतो, आणि लबाड नेमका तोच असतो. मग हे दोन रकाने ठेवले कशाला?

शिवाय हॅश कुठे ठेवला आहे, यालाही महत्त्व आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचे संकेतस्थळ फोडून डाउनलोडचे दुवे छुपा दरवाजा बसवलेल्या प्रतीकडे वळवले गेले. फाइल आणि हॅश एकाच पानावर असतील, तर घुसणारा दोन्ही बदलेल. म्हणून सॉफ्टवेअर विकणाऱ्याने हॅश बिलावर छापावा. जीएसटी क्रमांक छापतोच की!