जुन्या टेबलाला नवा रंग – पण खरवडायचे कोणी?

जून महिना आला की अनेक घरांत अभ्यासाच्या टेबलाची आठवण होते. नवे टेबल परवडत नाही, मग पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातील जुन्या फर्निचरच्या दुकानांतून एखादे टेबल घरी येते. कधी आत्याकडची लोखंडी खाट येते. दोन दिवस खपून रंगाचे दोन हात मारले की वस्तू नवी दिसू लागते. हा उद्योग मला मनापासून आवडतो. पैसे वाचतात, आणि पन्नास वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाचे लाकूड आणखी वीस वर्षे कामी येते. सागवानी टेबलावर मात्र रंग फासू नये, त्याला पॉलिशच शोभते, असे माझे मत आहे. पण तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला.

माझी तक्रार वेगळीच आहे. रंगकामाच्या बहुतेक सूचनांत पहिलेच वाक्य असते, ‘प्रथम जुना रंग घासून, खरवडून काढावा.’ ते वाक्य वाचून घरातील सर्वांत उत्साही व्यक्ती, म्हणजे तुमच्यापैकीच कोणीतरी, पॉलिशपेपर घेऊन बसते. हे काम मुलांनी करू नये आणि मोठ्यांनीही कोरडे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे रंगाच्या विज्ञानातच आहेत.

मुळात रंग कशासाठी खरवडायचा? एक छोटा हिशेब करा. १ लीटर रंग १० चौरस मीटर पृष्ठभागावर पसरला, तर ओल्या थराची जाडी होते फक्त ०.१ मिलिमीटर, आणि वाळल्यावर त्याहूनही कमी. एवढा पातळ पापुद्रा खालचा खड्डा झाकू शकत नाही. खालचा पोपडा सुटला तर त्याच्यावरचा नवा रंगही सुटतो. पृष्ठभागावर तेल किंवा मेण असेल, तर रंग त्याला धरतच नाही. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो मण्यासारखा गोल राहिला, तर रंगही तिथे नीट पसरणार नाही. थर जाड दिला म्हणूनही भागत नाही. तैलरंग हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळतो. वर साय धरते, आत रंग ओलाच राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. म्हणून रंगारी आधी घासतो, लांबी भरतो, अस्तर देतो आणि मग पातळ हात देतो. त्याची पद्धत बरोबरच आहे. प्रश्न आहे तो घासताना उडणाऱ्या धुळीचा.

या धुळीत काय असते हे समजण्यासाठी थोडे प्रकाशशास्त्र पाहू. भिंतीला चुना लावताना तो ओला असतो तेव्हा फिका दिसतो आणि वाळला की पांढराशुभ्र होतो. तुम्ही हे पाहिले असेल. वाळल्यावर कणांच्या मधे हवा येते. कणाचा वक्रीभवनांक सुमारे १.६ आणि हवेचा १. या फरकामुळे प्रकाश कणाकणावरून विखुरला जातो आणि भिंत पांढरी दिसते. आता तीच खडूची भुकटी जवसाच्या तेलात कालवा. तेलाचा वक्रीभवनांक सुमारे १.४८. फरक फारच थोडा उरला, म्हणून प्रकाश आरपार जातो. कागदावर तेलाचा डाग पडला की तो अर्धपारदर्शक होतो, त्याचे कारणही हेच. म्हणजे चुन्याने भिंत पांढरी होते, पण खडूने तैलरंग पांढरा होत नाही. त्याला अधिक वक्रीभवनांकाचा पदार्थ लागतो. असा एक पदार्थ शतकानुशतके माणसाच्या हाताशी होता, तो म्हणजे सफेदा. शिशाच्या या कार्बोनेटयुक्त संयुगाचा वक्रीभवनांक सुमारे २ आहे. पिवळ्या रंगासाठी शिशाचे क्रोमेट वापरीत. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर शेंदराचा हात देत. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. रंग लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाची संयुगे घालीत.

म्हणजे रंगात शिसे आले ते भेसळ म्हणून नव्हे, गुणवत्तेसाठी! जुन्या काळच्या महागड्या, नामांकित रंगांतही ते असू शकते. ‘आमचे कपाट चांगल्या रंगाचे आहे’ हे उत्तर म्हणूनच उपयोगाचे नाही.

सफेद्याला आज उत्तम पर्याय आहे. टिटॅनियम डायऑक्साइडचा वक्रीभवनांक सुमारे २.७ असतो आणि त्याचा रंग सफेद्याहूनही चांगला झाकतो. आंतरराष्ट्रीय श्रमिक संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेद्यावर निर्बंध घालणारा करार १९२१ सालीच केला होता. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. आपल्याकडे याविषयीचे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत वजनाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भागांपेक्षा अधिक प्रमाण चालत नाही. नियम चांगला आहे. पण तो नव्या डब्याला लागू आहे, आत्याच्या खाटेवर आधीच बसलेल्या रंगाला नाही. रंग जुना असेल, किंवा त्याचे वय ठाऊक नसेल, तर त्यात शिसे आहे असे धरूनच चालावे.

किती शिसे म्हणजे फार? समजा, जुन्या रंगात शिशाचे प्रमाण अवघे १ टक्का आहे. चिमूटभर, म्हणजे १ ग्रॅम धुळीत १०,००० मायक्रोग्रॅम शिसे झाले. आता दुसरी बाजू पाहा. दर १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले, तर ते कोठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात रक्त असते साधारण १ लीटर. म्हणजे एकूण ५० मायक्रोग्रॅम! पोटात गेलेले सगळेच शिसे रक्तात उतरत नाही हे खरे, पण लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट प्रमाणात ते शोषून घेते. शिवाय मूल जमिनीवर रांगते आणि हात तोंडात घालते.

यावर मोठी माणसे म्हणतात, ‘आम्ही आयुष्यभर रंग खरवडला, आम्हांला कुठे काय झाले?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. थोड्या प्रमाणातील शिशाने ताप येत नाही, पोट दुखत नाही. मुलाचे लक्ष लागत नाही, शिकलेले लवकर उमगत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. नुकसान झालेच नाही आणि नुकसान कोणी मोजलेच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी आजवर सापडलेली नाही.

‘नंतर झाडून काढू’ असे म्हणणाऱ्यांनी अकरावीच्या पुस्तकातील स्टोक्सचा नियम आठवावा. कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा खाली येण्याचा अंतिम वेग शंभरपट कमी होतो. १० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून शांत हवेत पाचेक मिनिटांत जमिनीवर येतो. १ मायक्रॉनच्या कणाला मात्र काही तास लागतात. तोवर तुम्ही झाडून, जेवून अंथरूण घातलेले असते. शिवाय केरसुणीने धूळ पुन्हा उडते. नाकावर बांधलेला रुमाल असे कण अडवीत नाही.

शाळांत श्रमदानाच्या दिवशी जुने बाक रंगवतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की रंगकाम मुलांकडून जरूर करून घ्या, पण जुना रंग त्यांना घासायला देऊ नका. कोरे लाकूड घासणे, लांबी भरणे, अस्तर देणे, रंग देणे, यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जुना रंग घट्ट असेल, तर तो खरवडण्याची गरजच नसते. साबणाच्या पाण्याने धुवावा, वाळू द्यावा आणि त्यावर अस्तर देऊन झाकून टाकावा. तुळतुळीत असेल, तर एखाद्या जाणत्या माणसाने पाणी लावून वॉटरपेपर हलकेच फिरवावा. पोपडे सुटले असतील, तर ते उघड्यावर, खाली प्लॅस्टिक पसरून, भिजवूनच काढावेत आणि गोळा करून बांधून टाकावेत. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. रंगवलेल्या लाकडाच्या ढलप्या बंबात घालू नयेत आणि ती राख भांड्यांना किंवा बागेला वापरू नये. काम झाल्यावर जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

एका वस्तूला मात्र मी यातून वगळतो. ती म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रंगीत लाकडी पाळणा. दात येऊ लागलेले मूल त्याचा कठडा चावते, आणि चावताना ते वरच्या नव्या थरापाशी थांबत नाही. अशा पाळण्याला नवा रंग देऊन भागणार नाही. तो आठवण म्हणून माळ्यावर ठेवावा आणि बाळासाठी साध्या सुती कापडाची झोळी बांधावी.