अक्षर बिघडलं तर तांब्याचीही तपासणी करा

माझ्या भाच्याची अकरावीची आणि बारावीची वही शेजारी ठेवली तर त्या दोन वेगळ्या मुलांच्या वाटतील. अकरावीतलं अक्षर टपोरं, सरळ. बारावीतलं बारीक होत होत ओळीखाली घसरलेलं. तो नगरहून शिकायला आमच्याकडे, दिल्लीतल्या मयूर विहार फेज वनमध्ये राहायला आला होता. अक्षराची तक्रार आधी क्लासच्या सरांनी केली. आम्ही म्हटलं, मोबाइलमुळे हात बिघडला. मग उशीवर लाळेचे डाग दिसायला लागले. बोलणं जड झालं, ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळायला लागले. एरवी गरीब गाईसारखा असणारा हा मुलगा, त्याने एकदा जेवणाचं ताट भिरकावलं. आम्ही म्हटलं, बारावीचं टेन्शन. ताईने फोनवर सांगितलं, दृष्ट काढ. तीही काढली.

एका डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी मन शांत करणाऱ्या दिल्या, त्यांनी तो आणखीच आखडला. असे चौदा महिने गेले. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरबाई यंत्रातून बघता बघता थांबल्या आणि म्हणाल्या, “याला कधी कावीळ झाली होती का?”

झाली होती. अकराव्या वर्षी. गावच्या झाडपाल्याने उतरली, असं आम्ही समजत होतो. दिल्लीतल्या एकाही डॉक्टरला आम्ही ते सांगितलं नव्हतं, कारण अक्षराचा आणि काविळीचा काय संबंध?

संबंध असतो. भाच्याला जो आजार निघाला, त्याला विल्सन्स डिसीज म्हणतात. रोजच्या अन्नातून थोडं तांबं आपल्या पोटात जातंच. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. ज्या मुलाला आई आणि वडील दोघांकडून एका विशिष्ट जनुकाची बिघडलेली प्रत मिळते, त्याच्या यकृताला हे जमत नाही. तांबं आधी यकृतात साचतं, मग रक्तावाटे मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात जातं. म्हणून कोणाचं पहिलं दुखणं कावीळ असतं, कोणाचं हात थरथरणं, कोणाचा स्वभावच पालटतो. लक्षणं बहुतेक वेळा पाच ते पस्तीस या वयात उमटतात. आजार दुर्मिळ आहे, साधारण तीस हजारांत एक, असा ढोबळ अंदाज सांगतात. पण मेंदूच्या दुर्मिळ आजारांपैकी ज्यांना खरंच औषध आहे, असे थोडेच, आणि हा त्यांतला एक. म्हणूनच उशीर इतका जिव्हारी लागतो.

डॉक्टरांना दोष द्यायला मी बसलेलो नाही. वस्तीतल्या दवाखान्यात दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्या माणसाला आयुष्यात असा एखादाच रोगी भेटतो, कधी तोही नाही. खुद्द वैद्यकशास्त्रालाही याचे तुकडे जोडायला वेळ लागला. या आजारात डोळ्याच्या कडेला दिसणारं तपकिरी-हिरवट वर्तुळ कायझर आणि फ्लायशर या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १९०२-०३ मध्ये नोंदवलं. मेंदू आणि यकृत यांचा हा एकत्रित आजार किनियर विल्सन यांनी लंडनमध्ये १९१२ साली सविस्तर मांडला. गोळीसाठी मात्र १९५६ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी जॉन वॉल्श यांनी शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन वापरात आणलं.

आणि हा काही परदेशी आजार नाही. मुंबईत डॉ. दस्तूर आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यांसह १९६८ सालीच भारतातल्या सोळा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्याकडच्या काही रुग्णांत हाडं आणि स्नायूच आधी खराब होतात, हे त्यांनी दाखवलं. अशा मुलाला घेऊन आईबाप हाडांच्या डॉक्टरकडे फेऱ्या मारत राहतात. पुढे २००९ मध्ये मुंबईच्याच डॉ. अन्नू अगरवाल, डॉ. मोहित भट्ट आणि सहकाऱ्यांनी या आजाराची तीव्रता मोजण्याची पट्टी तयार केली. यकृत, वागणूक आणि बुद्धी, हालचाल, हाडं-स्नायू, अशा चारही बाजूंनी ती रुग्णाकडे बघते. आपण मात्र चार बाजूंसाठी चार दवाखाने हिंडतो आणि प्रत्येक ठिकाणी पाव गोष्ट सांगून येतो.

म्हणून मयूर विहारातल्या आणि आसपासच्या मराठी घरांना माझं सांगणं आहे. मुलाचं किंवा मुलीचं अक्षर, बोलणं, चाल किंवा स्वभाव काही महिन्यांत बिघडत गेला असेल, तर सगळ्या जुन्या फाइली एका पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरसमोर ठेवा. लहानपणची कावीळ, पायावरची सूज, रक्ताची उलटी, घरात तरुणपणी यकृताच्या दुखण्याने गेलेलं कोणी, हे न विचारता सांगा. आईवडील नात्यातले असतील, आते-मामे भावंडांचं लग्न असेल, तर तेही सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्याकडे ती जुनी रीत आहे. शक्य असेल तर गेल्या वर्षीची आणि यंदाची वही सोबत न्या. हस्ताक्षराइतका प्रामाणिक रिपोर्ट मी अजून पाहिलेला नाही.

मग सरळ विचारा, “डॉक्टर, विल्सन्ससाठी तपासायचं का?” असं विचारणं म्हणजे त्यांच्या विद्येवर शंका घेणं नव्हे. सुरुवातीच्या तपासण्या तशा साध्याच आहेत. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पमधून डोळ्याची कड बघतात. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेक रुग्णांत ते वर्तुळ सापडतं, नुसत्या यकृताच्या रुग्णांत मात्र साधारण निम्म्यांतच. रक्तात सेरुलोप्लाझमिन मोजतात, ते डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर संशय बळावतो. चोवीस तासांच्या लघवीतलं तांबंही मोजतात. ही तपासणी घरीच बिघडते, म्हणून सांगतो: सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवायची आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली त्यात घालून थांबायचं. मध्ये एकदा जरी विसरलं तर आकडा खोटा येतो. एखादा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, कारण अंगात सूज किंवा संसर्ग असला की सेरुलोप्लाझमिन वर जाऊन फसवतं.

कुठे जायचं? दिलशाद गार्डनच्या इहबास रुग्णालयात मज्जाविकार आणि मनोविकार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. या आजाराला हे सोयीचं, कारण तो या दोहोंच्या मधोमध बसलेला असतो. एम्ससाठी मयूर विहार वनहून मेट्रोच्या पिंक लाइनने आयएनए आणि तिथून यलो लाइनने एकच स्टेशन. सकाळच्या रांगेसाठी डबा आणि सोबत कोणीतरी, एवढी तयारी ठेवा.

मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक नम्र विनंती. कोवळ्या वयात अचानक स्वभाव बदललेला मुलगा समोर आला आणि त्याची जीभ जड असेल, हात थरथरत असेल, तर गोळी लिहिण्याआधी एकदा तांबं तपासा. मनोविकारांच्या काही औषधांनी या रुग्णांची हालचाल आणखी बिघडते. ते आम्ही घरात पाहिलं.

निदान झाल्यावरही घरच्यांची परीक्षा संपत नाही. पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी घ्यावं लागतं. सुरुवातीला काहींची थरथर उलट वाढते आणि नातेवाईक म्हणतात, हे औषधच नको. तेव्हा स्वतःहून औषध बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. डोस हळू वाढवता येतो, ट्रायन्टीन आणि झिंक हेही पर्याय आहेत. औषध जन्मभराचं आहे. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडलं की यकृत एकाएकी निकामी होऊ शकतं. आयुर्वेदिक भस्म किंवा काढा सुरू करायचा असेल तर आधी विचारा.

आमच्याकडे देवघराजवळ आजीचा तांब्याचा हंडा होता, सगळे त्यातलंच पाणी प्यायचे. तो आता पितळेच्या समईशेजारी शोभेला ठेवला आहे. हंड्यामुळे आजार झाला नाही, हे ताईला पटवायला मला महिना लागला. पण ज्याला हा आजार आहे त्याने तांब्याच्या भांड्यातलं पाणी, कलेजी, चॉकलेट, सुकामेवा, मशरूम टाळायचे असतात.

भावंडांचं राहिलं. एका मुलाला विल्सन्स निघाला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते, ते कितीही ठणठणीत दिसो. लक्षणांआधीच औषध सुरू झालं आणि नेमाने घेतलं, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच जगतात. आमची भाची तेव्हा तेरा वर्षांची होती, कबड्डी खेळायची, कुठलीच तक्रार नव्हती. ताई म्हणाली, धडधाकट पोरीला कशाला सुया टोचायच्या? तिला तपासलं. निघाला. ती सकाळी उठल्याबरोबर गोळी घेते, तासभर थांबते आणि मग पोहे खाऊन शाळेला जाते.