आवाज पोहोचत नाही? पट्टी बदला

मुलगा पुस्तकात पाहून की-बोर्डवर कॉर्ड्स धरतो आणि आई गायला बसते. मुखडा छान जमतो, पण अंतरा वर चढला की आवाज चिरकतो. 'आता गळा राहिला नाही,' असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जाते. वास्तविक गळ्याचे काहीच बिघडलेले नसते. पुस्तकात गाणे पांढरी एकमध्ये, म्हणजे 'सी' स्केलमध्ये छापलेले असते आणि आईची पट्टी असते पांढरी सहा. कित्येक घरांत गाणे इथेच थांबते.

कॉर्ड्सच्या इंग्रजी नावांना बिचकण्याचे कारण नाही. नावातले अक्षर म्हणजे त्या कॉर्डपुरता 'सा'. गाण्याचा 'सा' वेगळा असू शकतो. अक्षरापुढे काही लिहिले नसेल तर ती मेजर कॉर्ड. त्यात सा, शुद्ध ग आणि प एकदम दाबायचे. पुढे लहान लिपीतला 'एम' असेल तर ती मायनर. तिच्यात फक्त ग कोमल होतो. ७ हा आकडा असेल तर मेजरमध्येच कोमल नीची भर घालायची.

पट्टी बदलताना प्रत्येक कॉर्ड सारख्याच अंतराने सरकवावी लागते. पांढरी एकवरून खाली येताना पांढरी सात, काळी पाच आणि पांढरी सहा अशी तीन घरे उतरावी लागतात. म्हणून सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन या कॉर्ड्सच्या जागी अनुक्रमे ए, एफ शार्प मायनर, डी, ई सेव्हन येतील. अक्षर बदलले तरी मायनर, सेव्हन ही शेपटी तशीच राहते.

घोळ होतो तो मोजण्यात. नवशिके नुसत्या पांढऱ्या पट्ट्या मोजतात आणि ए मायनरवरून थेट ई मायनरवर जाऊन बसतात. मग गाणे बेसूर का लागते तेच कळत नाही! काळी असो वा पांढरी, प्रत्येक पट्टी मोजावी. ई आणि एफ, तसेच बी आणि सी यांच्यामध्ये मात्र काळी पट्टी नसते.

बहुतेक की-बोर्डवर 'ट्रान्स्पोज'चे बटण असते. ते उणे ३ वर ठेवले की बोटे जुन्याच कॉर्ड्स धरतात आणि सूर खालचे निघतात. गाणे संपल्यावर ते शून्यावर आणायला मात्र विसरू नये. नाहीतर शेजारचा पेटीवाला पांढरी एक धरील आणि की-बोर्डमधून पांढरी सहा वाजेल.