बेटांची बेरीज

परभणीच्या माणसाला समुद्राचं अप्रूप का असतं, हे मुंबईकराला सांगून कळायचं नाही. कोकणचा किनारा आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटर. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती पुढं काढून म्हणतो खरं. पण जर्मनीला निदान उत्तरेला थोडा समुद्र तरी आहे, आम्हाला आपलं येलदरी धरण. तेव्हा आमच्याकडचा माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा समुद्र बघतो. आणि नेमक्या त्या एका वेळी त्याला समुद्रापुढून हाकलण्याचा जो धंदा सध्या जोरात चाललाय, त्याविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत.

या धंद्याचं नाव 'आयलंड हॉपिंग'. हॉप म्हणजे एका पायावर उडी. मराठीत याला लंगडी म्हणतात. लंगडी हा खेळ उत्तम. पण विश्रांती म्हणून कुणी लंगडी घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आम्ही बँकवाले मात्र या लंगडीपायी एल. एफ. सी. खर्ची टाकतो. चार वर्षांतून एकदा भारतात कुठंही जाण्याची ही सवलत. आमच्या शाखेत तिची चर्चा पगारवाढीच्या खालोखाल चालते.

आमचं अंदमान ठरलं. परभणीहून रात्रीची गाडी, सिकंदराबाद, तिथून विमान, चेन्नईला बदल आणि मग श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर. सहल कंपनीच्या रंगीत पत्रकावर छापलं होतं, 'पाच रात्री, सहा दिवस, सात बेटं!' दिवसांपेक्षा बेटं जास्त. त्यातलं व्हायपर बेट तर बोटीतूनच दाखवलं. शिवाय गाईड प्रत्येक बेटाचं जुनं नाव सांगे आणि नवंही. हॅवलॉकचं २०१८ साली स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. त्यामुळे तीन बेटांची हां हां म्हणता सहा झाली. आमच्यातल्या कित्येकांनी तेवढी लिहूनही घेतली.

मी कॉमर्सचा माणूस. मला हिशेब लिहिल्याशिवाय झोप येत नाही. सहा दिवसांतले जागेपणीचे तास धरा नव्वद. पैकी विमानतळ, जेट्टी, बोट, गाडी, सामानाला चिठ्ठ्या बांधणं आणि 'सगळे आले का?' या प्रश्नाला उत्तर देणं, यांत गेले त्रेसष्ट. जेवणखाण आणि शंखशिंपल्यांची खरेदी, अठरा. शिल्लक नऊ. या नऊ तासांत समुद्रही आला आणि सेल्युलर जेलही आलं.

आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी अंदमान निवडलं होतं ते जेलसाठीच. १९०६ साली पुरं झालेलं हे बांधकाम. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आज तीनच उभ्या आहेत. कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात. प्रत्येक कोठडीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचं तोंडसुद्धा दिसू नये. सावरकरांची १९११ ते १९२१ ही वर्षं या अंदमानात गेली. घरोघर 'माझी जन्मठेप' वाचून मोठी झालेली माणसं त्या कोठडीपाशी गप्प उभी राहायला आली होती. त्यांना गाईडनं एकूण पन्नास मिनिटं दिली. त्यातली वीस ग्रुप फोटोत गेली, कारण फोटोत बॅनर सरळ येईना.

यावर आमच्या हेड कॅशियरसाहेबांचं म्हणणं असं, "कामून हो? एवढे पैसे भरल्यावर सगळं बघून घ्यावं नाही का?"

प्रश्न वाजवी आहे. पण एखादा माणूस सात बँकांत सात खाती उघडतो आणि एकातही शिल्लक ठेवत नाही, तेव्हा आपण त्याला श्रीमंत म्हणतो का? पासबुकं मात्र सात!

दुसरा बचाव सहल कंपन्यांचा. ते म्हणतात, लोकच विचारतात, 'किती पॉइंट दाखवता?' हेही खरं. पण गिऱ्हाईक विचारतं ते पत्रकात तेवढंच छापलेलं असतं म्हणून. 'किती वेळ बसू देता?' असा रकाना छापून बघा, गिऱ्हाईक तेही विचारील.

देवळात 'पुढं चला, पुढं चला' म्हणतात, ते मला मान्य आहे. मागं हजार माणसं उन्हात उभी असतात. आपण हललो तर त्यांना विठ्ठल दिसणार. पण स्वराज द्वीपावरचा राधानगरचा किनारा चांगला दोनेक किलोमीटर लांब. तिथं कुणाची रांग अडली होती?

त्या किनाऱ्यावरचंच सांगतो. आमच्या गटात गंगाखेडकडच्या एक आजी होत्या. पंढरपूर, तुळजापूर, औंढा झालेलं. पण पाणी म्हणून पाहिलं ते गोदावरीचं. त्यांनी आधी समुद्राला हात जोडले, मग वाळूत बसल्या. अंदमान देशाच्या पूर्वेला आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे हिवाळ्यात तिथं पाचच्या सुमारास सूर्य बुडायला टेकतो. तो टेकला, बुडाला आणि गाईडनं शिट्टी मारली. "सनसेट झाला! गाडीत चला!" आकाश अजून लालभडक होतं.

"आत्ताच तर आलोत की रे लेकरा. जरा टेकू दे," आजी म्हणाल्या.

"आजी, उद्या दुसरा बीच आहे ना!"

"हा बघून झाला का पण?"

गाईडपाशी उत्तर नव्हतं. पत्रकातही नाही. आजींना दोघांनी हात धरून उठवलं. त्यांना पुन्हा इथं कोण आणणार आहे? त्यांच्या वाट्याचा समुद्र आपण बुफे जेवणाची वेळ गाठण्यासाठी कापून घेतला, आणि बिलात मात्र तो पुरता लावला!

तेव्हा सहल कंपन्यांच्या मालकहो, माझी मागणी साधी आहे. पत्रकात एक दिवस कोरा सोडा. 'दिवस चौथा : समुद्र.' बस्स. नाश्त्याची वेळ नको, शिट्टी नको, बॅनर नको. पैसे पूर्ण घ्या, वाटल्यास शंभर रुपये जास्त घ्या. कोऱ्या चेकची किंमत आम्हा बँकवाल्यांना चांगली कळते.

मग परभणी स्टेशनवर उतरल्या उतरल्या कुणी विचारलं, "काय हो, किती बेटं झाली?" तर आमच्या माणसाला ताठ मानेनं सांगता येईल, "एकच. पण बघून झालं."