आकडा नको, शुल्क पाहा

दक्षिण कोरियातल्या बुसानची ट्रम्प-शी भेट होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तोच चीन घेणार असलेल्या अडीच कोटी टन सोयाबीनचे हिशेब मांडले जाऊ लागले. जणू माल बंदरात उतरलाच! ट्रम्प आणि शी जिनपिंग ३० ऑक्टोबर २०२५ ला भेटले. १ नोव्हेंबरच्या व्हाइट हाउसच्या पत्रकानुसार चीन २०२५ च्या शेवटच्या दोन महिन्यांत किमान १ कोटी २० लाख टन अमेरिकी सोयाबीन घेणार आणि २०२६ ते २०२८ या तीन वर्षांत दरवर्षी किमान अडीच कोटी टन. चीनच्या वाणिज्य मंत्रालयाच्या निवेदनात शेतमालाचा व्यापार वाढवण्यावर एकमत झाल्याचा उल्लेख आहे, टनांचा नाही.

खरी बातमी आली ती ५ नोव्हेंबरला. अमेरिकी शेतमालावर मार्चमध्ये लावलेलं जादा शुल्क १० नोव्हेंबरपासून उठेल, पण १० टक्क्यांचं दुसरं शुल्क कायम राहील, असं बीजिंगनं जाहीर केलं. म्हणजे मूळ ३ टक्के धरून अमेरिकी सोयाबीनवर १३ टक्के आणि ब्राझीलच्या सोयाबीनवर ३ टक्के. शिखर परिषदेचा आकडा विसरा आणि शुल्काची अधिसूचना वाचा, हे या स्तंभाचं जुनं म्हणणं. या घोषणेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

१५ जानेवारी २०२० आठवा. ‘पहिल्या टप्प्याच्या’ करारावर वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. २०१७ च्या पातळीपेक्षा २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी चीन दोन वर्षांत करणार होता. त्यात कारखान्यांचा माल, शेतमाल, तेल-वायू, सेवा, सगळ्यांचे वेगवेगळे आकडे. तो तर सह्या झालेला, कलमवार लिहिलेला करार होता. बुसानमधून तसा सहीचा मसुदा समोर आला नाही.

२०२० च्या त्या कराराचं काय झालं? पीटरसन इन्स्टिट्यूटच्या चॅड बाऊन यांनी दोन्ही वर्षं महिन्यामहिन्याचा हिशेब ठेवला. एकूण ठरलेल्या खरेदीच्या साठ टक्केही माल चीननं घेतला नाही आणि जादा २०० अब्जांतला तर एक डॉलरही आला नाही. पण कोणतं आश्वासन किती पाळलं गेलं, हे त्याहून बोलकं आहे. तेल-वायूत ठरल्याच्या ३७ टक्के खरेदी झाली, शेतमालात ८३ टक्के. कागद एक, सह्या त्याच, मग एवढी तफावत का?

कारण शेतमाल चीनला हवाच होता. २०१८-१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवरनं तिथली डुकरं मोठ्या प्रमाणात मेली. २०२० मध्ये कळप पुन्हा उभे राहू लागले, तेव्हा खाद्यासाठी मका आणि सोयापेंड लागणारच होती. कारखान्यांच्या मालातल्या विमानांच्या बाबतीत उलट घडलं. बोइंगची ७३७ मॅक्स चीननं मार्च २०१९ पासूनच जमिनीवर बसवली होती. मग कोविड आला आणि प्रवासीच उरले नाहीत. ज्याची गरज होती ते घेतलं गेलं, ज्याची नव्हती ते कागदावर राहिलं. ट्रम्प-शी मैत्रीचा या आकड्यांशी काडीचाही संबंध नव्हता.

तीच फूटपट्टी बुसानच्या आकड्याला लावा. चीननं २०२४ मध्ये साधारण साडेदहा कोटी टन सोयाबीन आयात केलं. त्यातलं अमेरिकेचं सव्वादोन कोटींच्या आत, ब्राझीलचं सत्तर टक्क्यांहून जास्त. म्हणजे अडीच कोटी टन ही नवी कमाई नव्हे. २०१६ मध्ये याहून बराच जास्त अमेरिकी माल तिथे जात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननं अमेरिकेकडून एक दाणाही आयात केला नाही. ब्राझीलच्या मालानं गोदामं भरलेली होती, आणि जानेवारीपासून ब्राझीलची नवी काढणी सुरू होणार होती. शिवाय पशुखाद्यातली सोयापेंड कमी करायची, हे बीजिंगचं जाहीर धोरण आहे. २०२० सारखी निकड या वेळी नव्हती.

मग १३ टक्के भरून घेणार कोण? तेलगाळप करणारा खासगी कारखानदार घेणार नाही, त्याला ब्राझील स्वस्त पडतं. घेतील त्या कॉफ्को आणि सायनोग्रेन या सरकारी कंपन्या, कारण त्यांना वरून आदेश येतो. भेटीच्या तोंडावर कॉफ्कोनं घेतलेली तीन जहाजं हा इसार होता. खरेदीखत व्हायचं होतं. एका जहाजात साठ-पासष्ट हजार टन माल मावतो. १ कोटी २० लाख टनांना १८० ते २०० जहाजं लागणार, आणि हातात होते दोन महिने. माझा अंदाज असा होता, की हा पहिला आकडा पुरा होईल, पण ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत नाही, नव्या वर्षात. पुढची अडीच कोटी मात्र चिप्स, तैवान किंवा दुर्मिळ खनिजांवरून पहिला वाद पेटेपर्यंतच टिकतील. जी खरेदी आदेशावर चालते, ती आदेशानं थांबते.

शिकागोच्या वायदेबाजारात भाव चढले म्हणून लातूरला सोयाबीन धरून ठेवा, असे निरोप फिरू लागले. शेतकऱ्यांनो, त्यावर विसंबू नका. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता. आपल्याकडचा भाव पेंडीची निर्यात आणि खाद्यतेलाची आयात ठरवतात. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के केलं होतं, ते मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आणलं. पेरणी तोंडावर असताना! मराठवाडा-विदर्भाच्या सोयाबीनला बुसानपेक्षा या एका निर्णयानं जास्त फटका बसला.

महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत या दोनच गोष्टी मागाव्यात: तेलावरचं शुल्क पुन्हा २० टक्के करा आणि हमीभावाची खरेदी केंद्रं माल संपेपर्यंत चालू ठेवा.