तटाआडची वसई, आपल्या चालीने

हिवाळा सुरू झाला, की भाईंदरच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, सुट्टीत आम्ही सगळे बाहेर जाणार आहोत. आईंना न्यावे का?" विचारणारा मुलगा असतो, कधी सून असते. ज्यांच्याविषयी विचारणा चाललेली असते त्या आई शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेल्या असतात. मी तोच प्रश्न त्यांच्याकडे वळवतो. बहुतेकदा उत्तर मिळते, "माझ्यामुळे यांचा खोळंबा नको." जायची इच्छा नाही, असे या उत्तरात कुठेही म्हटलेले नसते.

वृद्ध माणसाने घरात राहणे अधिक सुरक्षित, असे आपण गृहीत धरतो. वैद्यकीय अनुभव तसे सांगत नाही. न वापरलेला स्नायू झपाट्याने क्षीण होतो आणि उतारवयात तो पुन्हा भरून यायला तरुणपणापेक्षा पुष्कळ अधिक काळ लागतो. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने चालणे कमी करतो, त्यामुळे मांड्यांची ताकद आणि शरीराचा तोल ढासळतो आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. माझी आई याच फेऱ्यात अडकली होती. न्हाणीघरात पाय घसरून तिचे मनगट मोडले. हाड महिना-दीड महिन्यात जुळले, पण भीती वर्षभर गेली नाही. सोसायटीच्या फाटकापर्यंत जाणेही तिने सोडले. वय एक्याऐंशी, गुडघे झिजलेले, रक्तदाबाचा जुना विकार.

तिला कुठे न्यावे हे ठरवायला मला फार विचार करावा लागला नाही. चाळीस वर्षे भाईंदरमध्ये राहूनही खाडीपलीकडचा वसईचा किल्ला तिने पाहिलेला नव्हता. आमच्या शाळेची सहल तिथे गेली तेव्हा तिने पहाटे उठून डबे करून दिले होते, एवढाच तिचा आणि वसईचा संबंध.

वसईच का?

महाराष्ट्रातील बहुतेक नामवंत किल्ले डोंगरावर आहेत. झिजलेल्या गुडघ्यांना रायगड किंवा शिवनेरी झेपणे कठीण. वसईचा किल्ला भुईकोट आहे आणि खरे तर तो तटबंदीच्या आत वसलेले एक शहरच होता. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे इथे होते. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीच्या तटात चर्च, मठ, वाडे आणि रस्ते होते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मोठी किंमत मोजून हे शहर जिंकले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. या शहराच्या अवशेषांवर १८७६ साली ग्रंथ प्रसिद्ध करणारे जोसे गेर्सन द कुन्हा हे मुंबईत व्यवसाय करणारे गोमंतकीय डॉक्टर होते, याचा मला व्यवसायबंधू म्हणून थोडा अभिमान वाटतो.

आमच्या मीरा-भाईंदरचाही या इतिहासात वाटा आहे. वसईला समुद्राच्या बाजूने मिळणारी मदत रोखण्यासाठी खाडीच्या अलीकडचा, उत्तनजवळचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी आधी हस्तगत केला होता. वसईच्या धक्क्यावर उभे राहिले, की पलीकडचा किनारा दिसतो आणि ही लढाई दोन्ही काठांवर कशी लढली गेली असेल ते नकाशाविना उमगते.

निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस

सहलीची तयारी पिशवी भरण्यापासून सुरू करू नये. आधी पावलांची तयारी करावी. पहिल्या दिवशी घरासमोर पाच मिनिटे सपाट जागी चालावे. त्रास न झाल्यास दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटे वाढवावीत. मध्ये बसून विश्रांती घेत एकूण वीस मिनिटे चालता आले आणि चालताना बोलताही आले, तर वसईची निवडक ठिकाणे पाहता येतील. चालताना छातीत दडपण येणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाल्यास थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज बेत आखू नये.

औषधांबाबत दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. सूज किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती घेतल्यावर काही तास वारंवार जावे लागते. त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी टाळू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न्याहारी लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे. घाम सुटणे, हात थरथरणे, एकाएकी गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये.

जाण्याची वाट

फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने घोडबंदरमार्गे अडतीस किलोमीटरच्या आसपास होणारे अंतर पाण्यावरून चार किलोमीटरही भरत नाही. सुमारे पंधरा मिनिटांत बोट किल्ल्यालगतच्या धक्क्याला लागते. ज्यांना जिने चढणे जमत नाही त्यांच्यासाठी ही वाट सर्वांत सोयीची आहे. फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीवर अवलंबून असतात, म्हणून त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. बोट धक्क्याला पूर्ण लागेपर्यंत जागेवरून उठू नये. उठताना आधी कठडा धरावा, मग पाऊल उचलावे.

लोकलने जायचे असल्यास भाईंदरनंतर नायगाव आणि मग वसई रोड, इतकाच प्रवास आहे. सकाळी कार्यालयांची गर्दी चर्चगेटच्या दिशेने असते, त्यामुळे विरारच्या बाजूला जाणे सुसह्य असते. परतीला मात्र दुपारच्या आत निघावे. स्थानकावर सरकता जिना असला, तरी ज्यांचा तोल जातो त्यांनी लिफ्टच वापरावी. स्थानकापासून किल्ला काही किलोमीटर दूर आहे. बस मिळते, पण पायरी उंच असते. रिक्षा बरी, आणि ती परतीसाठीही ठरवून ठेवावी.

किल्ल्यात काय पाहावे, काय सोडावे

किल्ल्यातून थेट किल्लाबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत वाहनांचा रस्ता जातो. वृद्धांच्या दृष्टीने हीच या जागेची मोठी सोय. तिचा उपयोग करून घ्यावा. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहनाने जावे आणि शिल्लक ताकद पाहण्यासाठी वापरावी.

आम्ही तीनच ठिकाणे ठरवली होती. पहिले, समुद्री दरवाजा. दुसरे, त्याच बाजूला असलेल्या सेंट जोसेफ चर्चचे अवशेष. छत गेलेल्या त्या भिंतींमध्ये आई घडीच्या स्टुलावर वीस मिनिटे बसून होती. या चर्चच्या मनोऱ्यात अरुंद, वळणाचा जिना आहे. तरुण मंडळी वर जातात, पण सत्तरीपुढच्या कोणीही, गुडघे धडधाकट असले तरी, तो मोह टाळावा. तिसरे ठिकाण म्हणजे चिमाजी आप्पांचे स्मारक. तिथे मोकळी जागा आहे.

ज्यांच्या अंगात ताकद उरली असेल त्यांनी गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखले जाणारे चर्च पाहावे. वसईत जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर चढवण्यात आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. नागेश्वर आणि वज्रेश्वरी ही देवळेही किल्ल्यातच आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत. तिथली फरशी उंचसखल असल्याने बरोबर हात धरणारे माणूस हवेच. तटावर चढणे आणि वाढलेल्या गवतात शिरणे सोडून द्यावे. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या दगडांवर तर जाऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि सकाळी आठ ते अकरा ही वेळ उत्तम.

पाऊल, पाणी आणि संकोच

जाड भिंगाचा दुहेरी चष्मा लावणाऱ्यांना पायरी खालच्या भिंगातून धूसर दिसते आणि तिथेच पाय चुकतो. पायरी उतरताना केवळ डोळे खाली न वळवता मान खाली करून वरच्या भिंगातून पाहावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे घालावीत. बसलेले असताना एकदम उठू नये. पावले थोडी हलवून, क्षणभर थांबून मग उभे राहावे.

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असल्यास तेच पाळावे. अनेक आजी बाहेर पडायचे म्हटले, की आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. यामागे तहान नसते, स्वच्छतागृहाची काळजी असते. घरातल्यांनी हा विषय आपणहून काढावा. वाटेत कुठे थांबता येईल हे आधी ठरवावे, मोठ्यांसाठीचा डायपर वापरायचा असल्यास तो सहजपणे पुढे करावा. आपल्याकडे या विषयावर जितके कमी बोलले जाते तितक्या अधिक सहली रद्द होतात.

वसईची सुकेळी घ्यायचा मोह सर्वांनाच होतो. वाळवलेल्या केळ्यात साखर आटून घट्ट झालेली असते. मधुमेहींनी लहानसा तुकडा चाखावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम जपावे लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

सोबत करणाऱ्यांसाठी

बरोबर दोन माणसे असावीत, म्हणजे एकाला मोकळेपणाने फिरता येते. "चला, लवकर" आणि "सांभाळून" हे दोन्ही शब्द शक्यतो कमी वापरावेत. पहिल्याने माणूस घाईत पडतो, दुसऱ्याने भीतीने आखडतो. "इथे पायरी आहे" एवढे सांगितले, की पुरते. विस्मरणाचा विकार असलेल्यांच्या खिशात नाव, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधे लिहिलेला कागद असावा. रक्त पातळ करणारी गोळी घेणारी व्यक्ती पडून डोक्याला मार लागला, तर वरून जखम दिसत नसली तरी थेट रुग्णालयात न्यावे. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम परतीचा आहे. निम्मा रस्ता संपल्यावर नव्हे, निम्मी ताकद संपल्यावर परत फिरावे. आम्ही दीड तासात किल्ल्याबाहेर होतो. वसईचे जे पाहिले त्यापेक्षा न पाहिलेलेच कितीतरी अधिक राहिले. आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. समुद्री दरवाज्यापाशी मात्र तिने मला विचारले होते, "तुमची सहल इथेच जेवायला बसली होती का?" मला आठवत नव्हते. तिला डब्यात काय दिले होते तेसुद्धा आठवत होते.

पुढच्या आठवड्यात ती कोणाला न सांगता सोसायटीच्या फाटकापर्यंत गेली आणि मेथीची जुडी घेऊन आली. वसईने तिचे गुडघे बरे केले नाहीत आणि रक्तदाबाची गोळीही सुटलेली नाही. आपल्याला अजून चालता येते, एवढे तिला कळले. हेच माप घेऊन नाशिक, पैठण, वाई अशी कोणतीही जुनी गावे पाहता येतात. आधी पावले मोजावीत, सावली आणि बसण्याच्या जागा हेराव्यात, पाहायची ठिकाणे निम्मी करावीत आणि मग तारीख ठरवावी. तारीख मात्र ज्यांना न्यायचे आहे त्यांनाच ठरवू द्यावी.