कुरळ्या केसांशी भांडण कशाला?

मागच्या लग्नसराईत मोहाडी तालुक्यातील एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ताप नाही, खोकला नाही. आईने तिच्या डोक्यावरची ओढणी बाजूला सारली आणि म्हणाली, "मॅडम, हे पाहा जी. कंगवा मोडते, पण गुंता काही सुटत नाही. महिन्याभरात पाहुणे येऊन रायले. पार्लरवाली केस सरळ करून देतो म्हणते. तब्येतीले काही होत तं नाही ना?" मुलगी मान खाली घालून बसली होती. केसांना थपथपून तेल लावलेले, कपाळावरून घट्ट मागे ओढलेली वेणी, आणि वेणीत न मावलेल्या आखूड केसांची कानाभोवती झालर.

आईचा प्रश्न शहाणपणाचा होता. बहुतेक मंडळी तो पैसे मोजून झाल्यावर विचारतात, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

केस कायमचे सरळ करणे हे कपड्याला इस्त्री करण्याइतके साधे काम नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि या प्रथिनाच्या धाग्यांना गंधकाचे दुवे बांधून ठेवतात. काही द्रावणे हे दुवे तोडतात, केस ताणला जातो, मग दुवे पुन्हा जोडले जातात. 'केराटिन ट्रीटमेंट' या गोड नावाखाली जे चालते, त्यातील काही द्रावणांतून गरम मशीन फिरवताना फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. वैद्यकीय महाविद्यालयात प्रेत टिकवण्यासाठी जे फॉर्मलिन वापरतात, त्यातलाच हा वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणला. पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्लाची द्रावणे आली. तर २०२४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये तिने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. प्रत्येकीला असे होईल असे मी म्हणत नाही. पण बाटलीवर काय लिहिले आहे हे पार्लरवालीलाही ठाऊक नसेल, तर तिच्या हाती डोके देण्यापूर्वी विचार करावा. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळातून नवा येणारा केस पुन्हा कुरळाच येतो. म्हणजे सहा महिन्यांनी तेच द्रावण आणि तोच खर्च.

आता मुळात कुरळा केस म्हणजे काय ते पाहू. केसाचे मूळ त्वचेखालच्या ज्या पिशवीत असते, ती सरळ केसांच्या माणसात सरळ व गोल असते; कुरळ्या केसांत ती वाकलेली व चपटी असते. हे आईबापांकडून येते, वळण लावून जात नाही. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांत ते वरच अडकते. त्यामुळे डोके तेलकट आणि टोके कोरडी, अशी विचित्र स्थिती होते. कोरडा केस शेजारच्या केसाला अडकतो, गुंतागुंत होते, कंगवा लावला की तुटतो आणि तुटलेले केस फुलून उभे राहतात. लोक म्हणतात, पोरगी केसांची निगा राखत नाही. वास्तविक ती बिचारी सरळ केसांची निगा कुरळ्या केसांवर राखत असते.

हे मला तरी कुठे ठाऊक होते? माझ्या स्वतःच्या मुलीचे केस कुरळे. ती शाळेत असताना रोज सकाळी कोरड्या केसांत फणी घालून मी तिला रडवले आहे. वर घट्ट दोन वेण्या. दहावीपर्यंत तिच्या कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले. सतत ताण पडल्याने तिथले केस जातात आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर ते परतही येत नाहीत, हे पुस्तकात वाचलेले मला आपल्याच घरी दिसले नाही. आई म्हणून मी डॉक्टरकी विसरले होते, दुसरे काय!

एक गंमत पाहा. १९८९ साली कराचीत सोळा वर्षांचा सचिन पहिली कसोटी खेळायला उतरला, तेव्हा त्याच्या कुरळ्या केसांचे सगळ्या देशाला कौतुक. विहारातील बुद्धमूर्तीच्या मस्तकावर कुरळेच केस असतात आणि त्यापुढे आपण मान लववतो. तेच केस घरच्या मुलीच्या डोक्यावर आले की ते 'झिपऱ्या' होतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना कुरळ्या केसांपायी नोकरीत व शाळेत इतके सोसावे लागले की २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडे कायद्याची गरज नाही. आया, मावश्या आणि शेजारणींनी तोंड आवरले तरी पुष्कळ.

त्या मुलीला मी तीन महिन्यांची मुदत मागितली आणि न्हाण्याची पद्धत बदलून दिली. तीच येथे सांगते.

न्हाण्याआधी अर्धा-पाऊण तास केसांच्या लांबीला, विशेषतः टोकांना खोबरेल तेल लावावे. मुंबईतील रेले व मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखवले की, खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाचे व खनिज तेल तसे करत नाही. (संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही लक्षात असू द्यावे. तरी आपल्या आज्यांचा अनुभव वेगळा नाही.) मात्र आठवडाभर तेल डोक्यात मुरवत ठेवू नये.

शॅम्पू मगभर पाण्यात कालवून फक्त डोक्याच्या त्वचेला बोटांच्या पेरांनी चोळावा. खाली ओघळणारा फेस केसांच्या लांबीला पुरतो. लांबी घासायची नाही. शिकेकाई हवी असेल तर उकळून, फडक्यातून गाळून घ्यावी, कारण तिचा भुगा कुरळ्या केसांत अडकून बसतो. रिठा बेताने, तो फार कोरडे करतो. अंगाचा वा कपड्यांचा साबण तर डोक्याला लावूच नये. ज्या घरी बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तिथे पाणी जड असते; अशा पाण्यात साबणाची पांढरट चिकट साय केसांवर बसते. शेवटचा तांब्या उकळून निवळलेल्या पाण्याचा घेतला तर फरक कळतो.

मग कंडिशनर. किराणा दुकानातली लहान पुडीही चालेल. तो लांबीला लावून, केस ओले व निसरडे असतानाच, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवावा. उवा झाल्या असतील तर याच वेळी बारीक फणी फिरवावी. ओल्या केसांत उवा पळू शकत नाहीत. त्यानंतर पुढच्या न्हाणीपर्यंत कोरड्या केसांना कंगवा नाही. हे ऐकून आया दचकतात, पण सगळ्या पद्धतीचे गमक यातच आहे.

अंगणात उभे राहून टॉवेलने केस झोडपण्याची आपली रीत सोडावी. जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्यात केस मुठीने दाबून पाणी टिपावे.

वळणे नीट बसावीत म्हणून शहरातल्या मुली महागडी जेल घेतात. आपल्या जिल्ह्यात त्याची काय गरज? धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत लाखोळी आणि जवस उतेरा पद्धतीने फेकणारे शेतकरी आपण. मोठे दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ढवळत उकळावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळावे. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर कापड फाटेल, पण थेंब निघायचा नाही. हा चिकट रस ओल्या केसांना लावून टोके तळहातावर घेऊन वर दाबावीत आणि केस आपोआप वाळू द्यावेत. वाळल्यावर थोडे कडक लागतात, ते हातांनी चुरले की मऊ होतात. रस फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. बाहेर लवकर आंबतो, तेव्हा थोडाच करावा. पहिल्यांदा कानामागे लावून खाज येत नाही ना ते पाहावे.

तांदळाच्या पेजेचेही हल्ली फार कौतुक ऐकू येते. तांदळाचा जिल्हा म्हणून मला आनंदच आहे, पण साडीला खळ दिल्यावर ती कशी होते ते आठवा. कोरड्या कुरळ्या केसांचे तसेच होऊ शकते. पेज प्यावी, हे माझे मत.

सौम्य पद्धतीचा हा विचार जगभर पसरवण्यात न्यूयॉर्कच्या लॉरेन मॅसी या केशरचनाकार बाईंचा आणि त्यांच्या 'कर्ली गर्ल' या पुस्तकाचा मोठा वाटा. फेसाळ शॅम्पू पार सोडा, असे त्या सांगतात. येथे मी त्यांच्याशी सहमत नाही. मे महिन्यात भंडाऱ्याचे ऊन, घाम, राइस मिलची धूळ यांत डोके शॅम्पूविना ठेवले तर मिलमधला कोंडा आणि डोक्यातला कोंडा यांत फरक उरणार नाही. कोंडा वाढवणारी बुरशी तेलकट त्वचेवरच पोसते. म्हणून आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा डोके धुवावेच.

एक सावधगिरी. केस तुटणे वेगळे आणि मुळापासून झपाट्याने गळणे वेगळे. तसे गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावकऱ्यांना काही दिवसांत टक्कल पडले. आधी सर्वांनी शॅम्पूला आणि पाण्याला दोष दिला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. अशा वेळी जवसाचा रस लावत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

मोहाडीची ती आई पोळ्यानंतर रक्तदाब तपासायला आली. मुलगी सोबत होती, केस मोकळे. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, चौथ्यानंतर वळणे दिसू लागली, असे मुलीने सांगितले. जळालेली टोके तिने स्वतःच कापली होती. पाहुण्यांचे विचारले, तर आई म्हणाली, "येऊन गेले जी. केसांचं कोणी विचारलंच नाही, नोकरीचं विचारलं." मग पिशवी उचलता उचलता तिने आपली तक्रार नोंदवली, "पण मॅडम, पोरीनं घरचे सारे जवस उकळून टाकले. चटणीले दाणा नाही उरला."